दमणीचा जीर्णोद्धार आणि बैलाचा प्रश्न

जुन्या प्रवासी वाहनांच्या जीर्णोद्धाराचे शास्त्र अमेरिकेत बरेच पुढे गेले असून, मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर, म्हणजेच ट्रॅव्हल ट्रेलर, हा त्या शास्त्राचा लाडका विषय आहे. वॉली बायम यांनी १९३१ साली सुरू केलेल्या एअरस्ट्रीम कंपनीचे अ‍ॅल्युमिनियमचे जुने ट्रेलर शोधून काढावेत, त्यांच्या तळाच्या कुजलेल्या फळ्या बदलाव्यात, रिव्हेट नव्याने ठोकावेत आणि पत्रा चकाकेपर्यंत घासावा, यात तिथली सुखवस्तू मंडळी आपले निवृत्तिवेतन आनंदाने खर्च करतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हे शास्त्र पोचलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते तिथे पूर्वीपासून होते. फक्त त्याला शास्त्र म्हणण्याइतका वेळ कोणाजवळ नव्हता, आणि मोडलेली बंडी दुरुस्त केल्याशिवाय घरी पोचता येत नसल्यामुळे ते छंदाच्या सदरातही घालता आले नाही.

या भागातील वाहनांचे ढोबळ वर्गीकरण असे करता येते. धान, तणीस म्हणजे धानाचा पेंढा, सरपण आणि शेणखत वाहते ती बंडी. माणसांच्या ये-जा करण्यासाठी बांधलेली, वजनाने हलकी आणि चणीने लहान ती रेंगी. आणि बांबूच्या कमानींवर छत घालून, आत गादी अंथरून, बाजूंनी पडदे सोडलेली ती दमणी. दमणी असे ती प्रामुख्याने मालगुजाराच्या वाड्यात. मालगुजार म्हणजे मध्य प्रांतात गावाचा सारा गोळा करून सरकारजमा करणारा आणि त्या श्रमाबद्दल गावाचाच मालक मानला गेलेला गृहस्थ. त्याच्या घरच्या स्त्रिया दमणीतून माहेरी जात, आणि ती हाकणारा धुरकरी पुढे पाठ करून बसे. आत कोण आहे हे बाहेरच्यांना दिसू नये म्हणून पडद्यांची योजना होती, आणि आत कोण आहे हे तीन गावांना कळावे म्हणून बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळांची. ट्रेलरमध्ये असते तसे स्वयंपाकघर दमणीत नसे, कारण तीन दगडांची चूल कोणत्याही नाल्याकाठी तयार मिळते आणि ती सोबत वाहून नेण्यात काही अर्थ नाही, हे या भागातील वाहनरचनाकारांनी फार लवकर ओळखले होते.

दमणीच्या दुरुस्तीवर ग्रंथ लिहायचा झाल्यास त्याचा पाऊण भाग चाकावरच खर्च होईल. मधला जाड ठोकळा तो तुंबा. त्यात ठोकून बसवलेले, बहुधा बारा, दांडे ते आरे. आऱ्यांची बाहेरची टोके ज्यांत शिरतात ते वर्तुळाचे लाकडी तुकडे म्हणजे पाटे. आणि या सगळ्यांना एकत्र नांदायला भाग पाडणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ही एकत्र कुटुंबपद्धती पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बरी चालते. परंतु मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढला की लाकूड सुकून आकसते, लोखंड उलट उष्णतेने किंचित पसरते, आणि दोघांमध्ये जे अंतर पडते त्याचा खडखडाट रस्ताभर ऐकू येतो. यावरचा उपाय म्हणजे चाक काढून काही दिवस पाण्यात बुडवून ठेवणे, म्हणजे लाकूड फुगते आणि धाव पुन्हा घट्ट बसते. या दोन्ही जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव गावोगाव असून सरकारी कागदपत्रांत त्यांचा संक्षेप ‘मामा तलाव’ असा केला जातो. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत चाके मामाकडे राहायला जात, हे विधान प्रशासकीय दृष्ट्याही बिनचूक ठरते.

पाण्याने भागेनासे झाले की धाव नव्याने चढवावी लागते आणि इथे वाढई, म्हणजे सुतार, बाजूला होऊन लोहार पुढे येतो. धावेचा घेर लाकडी चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवलेला असतो. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतात, सांडशींनी उचलून चाकावर बसवतात आणि लाकूड पेट घेण्याच्या आत तिच्यावर पाणी ओततात, म्हणजे आकसताना ती पाटे आणि आरे तुंब्यापर्यंत आवळत नेते. लोखंड तापमानाच्या दर अंशामागे आपल्या लांबीच्या लाखातल्या सुमारे सव्वा भागाने वाढते. त्यावरून हिशेब केल्यास पाच फूट व्यासाच्या धावेचा घेर पाचशे अंश तापवल्यावर जवळजवळ तीन सेंटिमीटरने वाढतो, असे निघते. लोहाराने हा हिशेब कधी मांडला नाही. तो लोखंडाचा रंग पाहत असे. हिशेबाचे काम भोवती जमलेल्या मंडळींकडे असे, आणि धाव घट्ट बसल्यास तो त्यांच्या सल्ल्याचा परिणाम व सैल राहिल्यास लोहाराच्या हट्टाचा, ही श्रमविभागणी सर्वमान्य होती.

धावेसाठी लोखंड दुरून आणावे लागावे, ही या भूमीच्या बाबतीत थोडी विसंगतीच आहे. सिंदेवाहीजवळच्या लोहारा टेकडीतील खनिज इतके नावाजलेले होते की, १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातील लोखंडाच्या उद्योगावर लिहिलेला अहवाल वाचून जमशेटजी टाटांना पोलादाच्या कारखान्याची कल्पना भावली. परंतु जवळच्या वरोऱ्याचा कोळसा चाचणीत उतरला नाही आणि अखेर कारखाना दूर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. वरोऱ्याच्या कोळशाने जरा मनावर घेतले असते तर चांद्याच्या बंडीला धाव घरची मिळाली असती. अर्थात तसे झाले असते तर चांद्यात बंडी उरली असती का, हा प्रश्न वेगळा.

लोखंड नाही तर नाही, लाकूड तरी दाराशी आहे, असा समज बाहेरच्या वाचकाचा होणे स्वाभाविक आहे. तिवसाचे लाकूड चाकाला, लवचिक आणि चिवट धावडा धुरीला व आसाला, बीजा आणि साग वरच्या सांगाड्याला, असा सारा मालमसाला डोळ्यांसमोर उभा असतो, आणि उभा असतो तोवर त्याच्याकडे पाहण्यास कोणतीही हरकत नसते. आडवा झाल्यावर मात्र त्याला वाहतूक परवाना लागतो. परवाना म्हणजे हे लाकूड कुठून कुठे, किती आणि कोणाचे जात आहे याचा वनखात्याने दिलेला दाखला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या मूळ ५२ व्या कलमात वनगुन्ह्यातील मालाबरोबर अवजारे, होड्या, गाड्या आणि गुरे जप्त करण्याचा अधिकार दिलेला आहे. म्हणजे स्वतःच्या दुरुस्तीचे लाकूड विनापरवाना आणायला गेलेली बंडी एकाच वेळी गरजू, साधन आणि मुद्देमाल अशा तिन्ही भूमिका पार पाडते, आणि बैल सहआरोपी होतात. याच अधिनियमाच्या व्याख्येनुसार ‘गुरे’ या शब्दात हत्ती, उंट, डुकरे आणि शेळ्याही येतात. कमलापूरच्या शासकीय कॅम्पातील हत्ती वनखात्याच्याच सेवेत असल्यामुळे त्या बाजूने सध्या तरी चिंता नाही. उलट, कागदपत्रे चोख असतील तर लाकडाला काय मान मिळतो हेही याच भागाने पाहिले आहे: २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी निघालेल्या सागाची बल्लारपुरात शोभायात्रा काढण्यात आली होती. धावड्याच्या एका आसाला शोभायात्रेची अपेक्षा नसते. त्याला शेजारच्या गावापर्यंत बिनघोर जाता आले तरी पुरे असते.

छताचे प्रकरण याहून गहन आहे. दमणीचे छत आणि बाजूंचे तट्टे बुरूड बांबूपासून विणतो. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत आहे; वन अधिनियमाने मात्र १९२७ मध्येच त्याला झाडांच्या व्याख्येत बसवले. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तरी बांबू विकायला परवाना कोणी द्यायचा यावर घोळ चालला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले तेव्हा तो मिटला. पुढे २०१७ मध्ये बांबूला झाडांच्या व्याख्येतूनच वगळण्यात आले. अशा रीतीने दमणीचे छत नव्वद वर्षे कायद्याने झाडाचे आणि शास्त्राने गवताचे होते; आषाढात ते गळत असे ते मात्र दोन्ही मतांना धरून.

ही सारी खटपट कशासाठी, तर जाण्यासाठी. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातील मार्कंड्याच्या यात्रेला घरची सगळी माणसे, भांडीकुंडी आणि बैलांची वैरण घेऊन निघत, आणि वैनगंगेच्या काठी बंडीखाली व बंडीत असा दोन मजली मुक्काम पडे. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, दिवसा पाहावी आणि रात्री झाडीपट्टीचे, म्हणजे याच झाडीच्या मुलखाचे, नाटक पाहावे, हा हिवाळ्यातला दुसरा प्रवास. ही नाटके उजाडेपर्यंत चालत, आणि जंगलातून अपरात्री परतण्यापेक्षा खलनायकाचे आणखी दोन प्रवेश सोसणे केव्हाही बरे, हा विचार वाघांच्या प्रदेशात गैर मानता येत नाही. प्रवास आणि घर यांतला भेदच पुसून टाकणारे मात्र एकच, गाडीलोहार. गाडी हेच त्यांचे बिऱ्हाड आणि तिची दुरुस्ती त्यांच्याच हातात. ट्रेलरचा मालक कारागिराची तारीख मिळावी म्हणून ज्या प्रतीक्षेत झुरतो, ती त्यांनी या युक्तीने टाळली आहे.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली. त्यानंतर डांबरी रस्ता आला, एसटी आली, आणि दमणी गोठ्यात गेली. तिथे तिच्यात प्रथम तणीस, मग कोंबड्या आणि शेवटी घरातील कर्त्यांनी टाकून देण्याचे धैर्य न केलेल्या सर्व वस्तू राहू लागल्या. बंडीने निराळा मार्ग पत्करला: लाकडी चाके जाऊन तिला रबरी टायर लागले, लाकडी सांगाडा जाऊन लोखंडी आला. मग ती तीच बंडी राहिली का, हा प्रश्न जीर्णोद्धाराचे पंडित मोठ्या गंभीरपणे विचारतात. तो भिक्खू नागसेनाने मिलिंदपञ्हात रथाने आलेल्या राजा मिलिंदाला फार पूर्वीच विचारला होता: धुरी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? ज्या चांद्याला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, तिथल्या वाचकाला नागसेन परका नाही. सुटा कोणताही भाग रथ नव्हे, सर्व मिळून ‘रथ’ हे केवळ नाव, असा त्या संवादाचा निष्कर्ष आहे. वाढईचाही अनुभव फारसा वेगळा नाही. फक्त प्रत्येक सुट्या भागाचे पैसे वेगळे पडतात, एवढी पुस्ती तो जोडतो.

सरकारदरबारी मान्यता मिळवून हा वाद सोडवू पाहणाऱ्यांचीही निराशाच होते. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करण्याची सोय झाली. चाके मोजल्यास दमणी दुचाकीत मोडते आणि वयाची अटही ती सहज पार करते. परंतु पहिल्या नोंदणीचा दाखला तिच्याजवळ नसतो, ती यंत्रशक्तीने चालत नसल्यामुळे कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नसते, आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही अट तर तिला कधीच पाळता येणार नाही, कारण पन्नास वर्षांचा बैल अद्याप जन्माला यायचा आहे.

यावरून या विषयाचा मुख्य सिद्धांत मांडता येतो: वाहन चालते तोवर त्याची दुरुस्ती होते आणि चालणे थांबले की त्याचा जीर्णोद्धार सुरू होतो. अलीकडे अभयारण्याच्या वाटेवरील निवासांच्या फाटकांशी जुनी दमणी रंगवून, आऱ्यांना तेलपाणी करून उभी केलेली दिसली की, या सिद्धांताचे प्रात्यक्षिकच पाहायला मिळते. तिचा तुंबा नवा, छत नवे, धाव घट्ट. उणीव आहे ती ओढणाऱ्यांची. अमेरिकन ट्रेलरला मोटार जोडावी लागते आणि मोटार उभी असताना काही खात नाही. बैलजोडी मात्र दमणी चालो न चालो, दिवसातून दोनदा वैरण मागते, आणि शेतात ट्रॅक्टर आल्यापासून ती पोसण्याचे दुसरे कारण उरलेले नाही. जीर्णोद्धारावरील ग्रंथांत गंज, वाळवी आणि गळती यांवर प्रकरणे असतात. तणशीवर एकही नसते.

तेव्हा दमणीचा जीर्णोद्धार सर्व अंगोपांगांसह झाला पाहिजे असा ज्यांचा आग्रह आहे, त्यांनी वाढईला चाके सांगतानाच तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले मिरवतात ती, लाकडी बैलांची एक जोडीही सांगून ठेवावी. हे बैल तणीस खात नाहीत, ५२ व्या कलमाखाली जप्त व्हावे इतके दूर जात नाहीत, आणि त्यांचे वय कितीही सांगितले तरी कोणी दात पाहत नाही. अडचण एवढीच की त्यांच्या पायांनाही चाके असतात, आणि ती मे महिन्यात सैल होतात.