‘काय होत नाय’ म्हणणाऱ्या मुकादमांस

श्री. मुकादम (झाडतोड, विहिरीचा गाळ, बोअरची मोटर वगैरे) यांस,
शहागडहून स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा तुम्ही आमच्या लिंबाची फांदी अलगद उतरवलीत. ती न्हाणीघराच्या पत्र्यातून आत गेली आणि हंडा चेपून थांबली. चहा तीनदा झाला, डहाळ्या अजून अंगणात पडल्यात, जाड लाकूड मात्र त्याच संध्याकाळी वखारीला पोचलं. त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं दोरीबद्दल आहे.

काम सुरू व्हायच्या आधी मी विचारलं होतं, “ही किती वजन पेलते?” तुम्ही म्हणालात, “काय होत नाय. हिनं गोदावरीच्या वाळूत रुतलेला ट्रॅक्टर काढलाय.” (ट्रॅक्टर वाळूत कशाला गेला होता, हे मी विचारलं नाही.) धन्य ती दोरी! हंगामभर उसाची ट्रॉली आवळायची, उन्हाळ्यात बोअरमधली मोटर वर घ्यायची आणि मिरगाच्या तोंडावर आमच्याकडे हजर. एरवी टेम्पोच्या टपावर उन्हात पडून. प्लास्टिकच्या दोरीला ऊन खातं, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. मूळची निळी, आता राखाडी. हात फिरवला की तळव्याला भुसा लागत होता.

रात्री झोप येईना म्हणून वहीत हिशेब मांडला. त्या फांदीचा ओंडका 2 मीटर लांब, 40 सेंटिमीटर जाड. ओलं लाकूड जवळपास पाण्याइतकंच जड, म्हणजे झाले 250 किलो. तो मीटरभर पडू द्यायचा आणि पुढच्या अर्ध्या मीटरात अडवायचा, तर दोरीला निदान तिप्पट ओढ बसते, म्हणजे 750. ज्या बेचक्यातून दोरी घेतलीत, त्याच्यावर दोन्हीकडची ओढ, ती आणखी जास्त. तुमची करंगळीएवढी, 12 मिलिमीटरची दोरी कोरी असताना सुमारे 2 टनांना तुटते. गाठ मारली की तिसरा हिस्सा ते निम्मं बळ तिथंच गेलं. उरलेलं उन्हानं खाल्लं. म्हणून तर जाणते लोक तुटण्याच्या आकड्याचा दहावा हिस्सा तेवढा सुरक्षित भार धरतात, म्हणजे 200 किलो, आणि तोही दोरी धड असेल तर. तुमचा ओंडका नुसता लटकवला असता तरी त्याहून जड होता.

1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 29 होतं. साखळी, दोर, आकडा यांचा सुरक्षित भार स्पष्ट लिहा, त्यापुढे ओझं टाकू नका, वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्या. पण ते जालन्यातल्या सळईच्या कारखान्यासाठी. आमच्या अंगणातल्या लिंबाला कलम-बिलम काही नाही. आमच्या आजोबांनाही कलम ठाऊक नव्हतं. तरी मोट जुंपायच्या आधी ते नाडा मुठीतून हात-हात सरकवून बघायचे, आणि कुठं पीळ उसवलेला दिसला की बैल सोडायचे.

मुकादम, आता थट्टा पुरे. वर तुमचा पुतण्या होता. त्याच्या कमरेला त्याच दोरीचा कापलेला तुकडा होता. ओंडका झोका घेऊन खोडावर आदळला तो त्याच्या टाचेखाली वीतभर, आणि मग दोरी तुटली. पोरगं खोडाला मिठी मारून थरथरत होतं, आणि तुम्ही खालून काय ओरडलात? “काय होत नाय!” जिभेला हाड नाही ते नाही, लाजही नाही?

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. पण तुमचे हात डोळ्यांपुढून जाईनात. ओंडका सुटला तेव्हा सगळे पळाले, तुम्ही दुसरं टोक धरून तिथंच उभे होतात. तळव्यांची साल निघाली होती. आमच्या हिनं हळद भरली तेव्हा तुम्ही पुतण्याकडे बघत होतात, हाताकडे नाही. आणि मजुरीच्या चार हजारांतले पाचशे मीच तोडले होते. नवी दोरी काही त्याहून फार महाग आली नसती.

ते पाचशे ठेवलेत, घेऊन जा. जुनी दोरी मागू नका. तुटलेला तुकडा आम्ही अंगणात वाळवणाला बांधलाय, आणि एका वेळी दोनच ओल्या गोधड्या टाकायच्या, असं घरात बजावून ठेवलंय.

आपला,
लिंबवाला