प्रवेश मोफत, दार शोधावे

मुक्त सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळांवर डाउनलोडचं बटण ठसठशीत करा, अशी मागणी हल्ली कुणीही ऊठसूट करू लागलं आहे. तिला आमचा सक्त विरोध आहे. शेकडो माणसांनी रात्री जागवून, छदामही न घेता लिहिलेली वस्तू कुणाही येरागबाळ्याला एका टिचकीत मिळू लागली, तर तिचं मोल काय उरलं? पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर निदान मनस्ताप तरी वसूल करायला हवा.

डेबियनचंच घ्या. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ही संगणक-प्रणाली सांभाळताहेत. उबुंटूसारख्या कित्येक प्रणाली तिच्याच पायावर उभ्या आहेत. अशा खानदानी घरात आल्यागेल्याला चटकन आत घेत नसतात. २०२० च्या डिसेंबरपर्यंत तिच्या मुखपृष्ठावर बातम्या होत्या, सुरक्षेच्या सूचना होत्या, दुव्यांच्या रांगा होत्या. डाउनलोड मात्र वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं.

एखादा चिवट माणूस तिथवर पोचलाच, तर पुढे तोंडी परीक्षा असायची. एएमडी६४, एआरएम६४, एस३९०एक्स. यातलं तुमच्या संगणकाचं आर्किटेक्चर कोणतं? लॅपटॉपवर इंटेलचा स्टिकर पाहिलेला माणूस एएमडीकडे ढुंकूनही बघत नाही. खरं तर त्याला हवं असतं तेच. ६४ बिटांची ती रचना आधी एएमडीने काढली, मागाहून इंटेलने स्वीकारली, आणि नाव पहिल्याचं राहिलं. हा इतिहास ज्याला ठाऊक नाही, त्याने फाईल उतरवून करायचं तरी काय? आणि एस३९०एक्स आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी असतं. वाट चुकून एखादा मेनफ्रेमवाला आलाच, तर त्याची गैरसोय नको.

मग आवृत्ती कोणती, स्टेबल, टेस्टिंग की अनस्टेबल? अनस्टेबलचं कायमचं नाव ‘सिड’, म्हणजे ‘टॉय स्टोरी’तला खेळणी मोडणारा पोरगा. याहून स्पष्ट इशारा कसा द्यायचा? फक्त सिनेमा पाहिलेला हवा.

खरी बहार नेटइन्स्टॉल नावाच्या छोट्या फाईलची. ती बाकीचा माल इंटरनेटवरून आणते. इंटरनेटला वायफाय लागतं, पुष्कळ लॅपटॉपांत वायफाय चालायला फर्मवेअर नावाचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते फर्मवेअर मुक्त नसल्यामुळे डेबियनच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून फाईलमध्ये नसायचं. ते कुठे मिळायचं? इंटरनेटवर! फर्मवेअरसकट वेगळी फाईलही होती, पण ‘अनधिकृत’ असा शिक्का मारून आडबाजूला ठेवलेली. अखेर २०२२ साली सभासदांनी रीतसर मतदान केलं आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत फर्मवेअर उजळ माथ्याने आत आलं. लोकशाहीत वायफायला वेळ लागतोच.

ठसठशीत बटणांचे चाहते सोर्सफोर्ज विसरलेले दिसतात. मुक्त सॉफ्टवेअरचं हे एकेकाळचं मोठं कोठार. तिथे डाउनलोडच्या बटणांना तोटा नव्हता. फक्त त्यांतली काही जाहिरातींची असत. २०१३ मध्ये तिथल्या इन्स्टॉलरमधून परक्या कंपन्यांचा मालही पुढे केला जाऊ लागला. चित्रं सुधारणारं ‘गिम्प’ वैतागून त्याच वर्षी तिथून निघालं, तर २०१५ साली सोर्सफोर्जने गिम्पचं तिथलं विंडोजचं खातं ताब्यात घेऊन त्यालाही तेच शेपूट जोडलं. नव्या मालकांनी हा धंदा २०१६ मध्ये बंद केला. तात्पर्य, नवख्याची नजर कुठे जाते, बोट कुठे पडतं, याचा कसून अभ्यास केला तो त्याला गंडवणाऱ्यांनी. सज्जनांनी त्याच्यापुढे फाईलचा अस्सलपणा तपासणाऱ्या चेकसमची चौसष्ट अक्षरं ठेवली आणि म्हटलं, पडताळून घ्या.

घरभेदीही निघाले. सिनेमे दाखवणाऱ्या मुक्त ‘व्हीएलसी’च्या पानावर नारिंगी शंकू आणि एक बटण. संगणक विंडोज की मॅक, हे पान आपणहून ओळखतं. परिणाम काय? ज्यांना परवाना, आर्किटेक्चर, चेकसम यातलं ओ की ठो कळत नाही, ते खुशाल सिनेमे बघत बसले आहेत.

आपल्याकडे मात्र चिंता नाही. मराठी घरात मुक्त सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याच्या पेन ड्राइव्हमधून येतं. भाचा आर्किटेक्चर विचारत नाही. ‘मामा, चार्जर कुठंय?’ एवढंच विचारतो आणि चहा होईस्तोवर काम उरकतो. सुधारकांचं म्हणणं, भाचा जे विचारत नाही, ते पानानेही विचारू नये. तसं केलं तर पानावर उरेल एक बटण. हरकत नाही, ठेवा. पण ते निळंच हवं. हिरवं केलंत तर आम्ही वेगळी चूल मांडू. ती मुभा परवान्यातच दिलेली आहे.