ब्रेकवाल्या दादांची गाडी

करमणुकीची बाग म्हणजे भल्या पहाटे निघून, दोन वाहनं बदलून, बोटीत बसून गाठायची जागा, अशी आत्याची समजूत. तिवोली मात्र कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनासमोर आहे. रस्ता ओलांडला की फाटक. आत्याला संशय आलाच. "इतकी मोक्याची जागा बिल्डरांनी सोडली कशी?"

प्रश्न रास्त होता. १८४३ साली, तेही १५ ऑगस्टला, बाग उघडली तेव्हा ही जागा शहराच्या वेशीबाहेर होती. आतलं तळं म्हणजे जुन्या तटाच्या खंदकाचा उरलेला तुकडा. लोक मजेत असले की राजकारणाचा विचार करत नाहीत, असं गेओर्ग कार्स्टेनसेन या गृहस्थांनी आठव्या ख्रिस्तियान राजाला पटवलं आणि परवानगी मिळवली म्हणतात.

"आपल्याकडे उलटं," आप्पा म्हणाले. "राजकारणावर बोलायला मिळालं तरच माणूस मजेत." एवढं बोलून आप्पांनी दिवसाचा कोटा संपवला. आत्याशी लग्न झाल्यापासून त्यांना जास्त लागतही नाही.

आत जायचं तिकीट वेगळं, पाळण्यांचं वेगळं. डेन्मार्कच्या क्रोनरला बाराने गुणायचं, हे आत्या विमानातच शिकली होती. बाराचा पाढा म्हणत ती पाटीपाशी उभी राहिली आणि अखेर म्हणाली, "एवढ्यात अख्खी आळी पंढरपूरला जाऊन येईल." मग पर्समधून पैसे काढून सगळ्यांची तिकिटं तिनेच घेतली. हिशेब आणि हौस यांची तिच्याकडे कधी गाठच पडत नाही.

आमच्या कन्येचं बोट थेट आकाशाकडे गेलं. ८० मीटर उंच खांब, त्याला साखळ्यांनी टांगलेल्या खुर्च्या, आणि त्यांत बसून गरगरणारी, ओरडणारी डॅनिश जनता.

"चालवतो कोण?" आत्याने विचारलं.

"कॉम्प्युटर."

"मग नको. थांबलं नाही तर भांडायचं कोणाशी?"

ही कसोटी एकदा लागली आणि आधुनिक यंत्रं एकेक करून बाद झाली. तरुण, वेगवान, चकचकीत ते सगळं गेलं. शेवटी आम्ही १९१४ सालच्या लाकडी घसरगाडीपुढे, रुत्शेबानेनपुढे, येऊन ठेपलो. नकली डोंगर, त्यात बोगदे, आणि डब्यांच्या मधोमध हातात ब्रेकचा दांडा धरून बसलेला जिताजागता माणूस. उतारावर गाडी किती सुटू द्यायची हे अजूनही तोच ठरवतो. प्रत्येक गाडीला असा एक. आत्याचा चेहरा उजळला.

"दादा, जरा बेताने घ्या हं. यांना मळमळतं."

दादांनी अदबीने मान हलवली. त्यांना मराठी येत नसावं, पण आत्याचा स्वर कळायला भाषा लागत नाही. गाडी कुरकुरत वर चढली, क्षणभर रेंगाळली आणि खाली सुटली. बोगद्याच्या अंधारात कन्या किंचाळत होती, बायको माझा दंड पिळत होती, आणि या सगळ्यावर एकच आवाज चढत होता, "दाबा! दादा, दाबा!" दादांनी दांडा ओढला. तो ते तिथे रोजच ओढतात, पण ही बाब आत्याला सांगण्यात अर्थ नव्हता. उतरल्यावर तिने त्यांच्या हातावर शेंगदाण्याची वडी ठेवली. त्यांनी ती निरखून पाहिली आणि खिशात घातली.

संध्याकाळी मूकनाट्याला बसलो. १८७४ सालचं हे नाट्यगृह चिनी धाटणीचं आहे आणि त्याचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा; तो मिटतो तेव्हा रंगमंच दिसतो. कोलंबिनावर हार्लेकिनचं प्रेम, आडवा येणारा म्हातारा, आणि मध्ये घोळ घालणारा पांढऱ्या तोंडाचा नोकर पिएरो. शब्द एकही नाही, त्यामुळे आत्याने सगळे पुरवले. पुढच्या रांगेतली डॅनिश आजी आधी दोनदा वळून बघत होती, नंतर हसायला लागली.

खेळ संपल्यावर पिएरो एकटाच पुढे येतो, आणि मुलं त्याने बोलावं म्हणून गलका करतात. ही जुनी प्रथा. सगळ्या बागेने आरोळी ठोकली. आत्याही उठली आणि खणखणीत ओरडली, "अरे, बोल की एकदाचं!"

शेजारी डुलकी घेणारे आप्पा दचकून ताठ बसले. "हो, हो," ते म्हणाले, "उद्या परत येऊ."