सोवळ्यातली रॅम

गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर हे कडगंचीचे. आळंद तालुक्यातलं हे गाव कन्नड मुलखातलं, ग्रंथ मात्र मराठी. आणि त्याची पोथी कितीतरी घरांत लाल फडक्यात बांधलेली. दत्तजयंतीच्या सप्ताहापुरती सुटते, उरलेलं वर्ष देव्हाऱ्यात विसावते. आळीत मिळून एकच पोथी ठेवू, असं कुणी म्हणत नाही.

क्लाउडवाल्यांनी नेमकं तेच योजलंय. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमधल्या सर्व्हरांचा हिशेब २०२३च्या ‘पाँड’ या शोधनिबंधात मांडलाय. सर्व्हरचे सगळे कोअर भाड्याने गेले की उरलेली मेमरी अडकून पडते. कधीकधी २५ टक्क्यांपर्यंत. शिवाय जवळपास निम्मे भाडेकरू घेतलेल्या मेमरीतल्या अर्ध्या भागाला शिवतसुद्धा नाहीत! मग उपाय काय? थोडी मेमरी सर्व्हरबाहेर सामायिक ठेवायची आणि सीएक्सएल नावाच्या जोडणीने आठ-सोळा प्रोसेसरांत लागेल तशी वाटायची. तिथून माहिती यायला जरा उशीर लागतो. म्हणून गिऱ्हाईक कशाला हात लावणार नाही, याचा अंदाज यंत्राने आधीच बांधायचा आणि तेवढीच मेमरी बाहेरची द्यायची.

थोडक्यात, तुम्ही तिसऱ्या अध्यायातच पेंगता हे हेरून पुढची पानं शेजारी ठेवायची. मेमरीचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी घटतो म्हणे. कोणाचा, ते विचारू नये. बिल पुऱ्या ५२ अध्यायांचं आलं तर भक्तिभावाने भरावं.