भाऊंच्या डोक्यातलं दप्तर

"काकी, आहात का? जरा कुंपणाशी या. ओरडून सांगण्यासारखं नाही."

"आले गं. भाऊंचंच ना? अर्ध्या आळीला कळलंय. तुमच्या संस्थेचे भाऊ मुलाकडे बदलापूरला राहायला गेले आणि ऑफिसच्या कपाटाची किल्लीसुद्धा कुणाला सापडत नाही म्हणे."

"किल्ली सापडली हो, पासवर्ड सापडत नाही. आयकराच्या पोर्टलचा ओटीपी जातो जुन्या अध्यक्षांच्या मोबाइलवर. ते तर वारले. नंबर आता नातवाकडे, नातू पुण्यात. काल फोन केला तर म्हणतो, काकू, मॅच संपली की बघतो."

"अगं बाई! आणि नवे अध्यक्ष काय करतायत?"

"ते बँकेत सह्या बदलायला गेले होते. बँक म्हणाली, धर्मादाय आयुक्तांकडचा उतारा आणा. उतारा काढला तर त्यावर जुनेच विश्वस्त! दोघं देवाघरी, एक लेकीकडे अमेरिकेत. बदल अर्ज कधी गेलाच नाही."

"विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत कळवायचं असतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा कायदा, कलम 22. आम्ही शाळेच्या ऑफिसात होतो तेव्हा आमच्या हेडक्लार्कांनी ते कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं. बाकी कायदा कुणाला येत नव्हता, पण तेवढं पाठ."

"आता विलंबमाफीचा अर्जही जोडायचा. त्याला मृत्यूचे दाखले, नव्यांची संमतीपत्रं, सभेची नोटीस, ठराव, इतिवृत्त. इतिवृत्ताची वही उघडली, तर तीन-तीन सभांना एकच मजकूर: विषयांवर सविस्तर चर्चा झाली, चहापानानंतर सभा संपली."

"कुणाला निवडलं?"

"ते चहात विरघळलं."

"आणि तो नवीन मुलगा घेतलाय ना? गोरा, चष्मेवाला?"

"हुशार आहे. पण त्याची गंमत ऐका. गेल्या सभेला खजिनदार नि चिटणीस भांडले. यानं सगळं लिहिलं. 'खजिनदारांनी चिटणीसांना अक्कल विचारली.' वर दोघांच्या सह्या घ्यायला गेला!"

"सही केली?"

"खजिनदारांनी केली. म्हणाले, खरं आहे ते."

"त्याला काय हसतेस? त्याला सांगितलं कुणी? इतिवृत्तात कोण हजर होतं, गणपूर्ती झाली का, ठराव काय, सूचक कोण, अनुमोदक कोण आणि ठरलेलं काम कुणी कधीपर्यंत करायचं, एवढं आलं की झालं. आणि त्याच दिवशी लिहायचं. महिन्याभरानं लिहिलं की वहीत नवीच सभा भरते."

"तेच मी अध्यक्षांना म्हटलं. त्याला आणि मला जरा शिकू द्या. ते म्हणतात, ऑफिसवर कसला खर्च? देणगीदार पैसे देतात ते मुलांच्या अभ्यासिकेला. वर सुनावलं, सरकारनं 2020 मध्ये कारभारखर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणलीय."

"ती परदेशी देणग्यांना! तुमच्या संस्थेला परदेशातून काय आलंय? त्या अमेरिकेतल्या विश्वस्तांचं दिवाळीचं ग्रीटिंग?"

"तेसुद्धा लेकीनं पाठवलेलं! आणि देशातले देणगीदार तरी कुठे खूश आहेत? ते रहनाळचे गोदामवाले, दरवर्षी मोठा चेक देतात. त्यांचा सीए मागे लागलाय. हल्ली नुसत्या पावतीवर 80जीची सवलत मिळत नाही. वर्षभराची देणगीदारांची यादी पॅनसकट 31 मेपर्यंत पोर्टलवर भरायची, मग तिथूनच प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. भाऊंनी अर्ध्या पावत्यांवर पॅनच लिहिलेला नाही. काहींवर नाव काय, तर 'एक हितचिंतक'."

"दोन हजारांवर रोख दिली असेल तर त्या हितचिंतकाला सवलतही नाही. पण भाऊंना नावं ठेवू नकोस हं. माणूस सोन्यासारखा. टोरंटचं विजेचं बिल भरायला गेला तरी सुट्टे पैसे पाकिटात घालून नोंद करायचा."

"नावं कुठे ठेवतेय? पण पावती तेच फाडायचे, रोख तेच मोजायचे, बँकेत तेच भरायचे आणि ताळमेळही तेच घालायचे. ते प्रामाणिक होते म्हणून निभावलं."

"आणि तो प्रामाणिकपणा बदलापूरला गेला. अगं, मी हेच म्हणतेय. मागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग थांबत नाही, खडखडत राहतो. कापडात रेघ मात्र लांबवर जाते, आणि दिसते कधी, तर व्यापाऱ्यानं ताका उलगडल्यावर. तुमचं तसंच झालं. जो पावती फाडतो त्यानं ताळमेळ घालायचा नाही. आणि कुठलंही काम एकाच माणसाला येतं असं ठेवायचं नाही. तू रजेवर गेलीस तर मुलाला जमलं पाहिजे."

"मुलाला टॅली येतं, एमएस-सीआयटी झालीय. मराठी टायपिंग तीसचं सर्टिफिकेट माझं. पण भाऊंची जुनी पत्रं श्रीलिपीतली. नव्या कॉम्प्युटरवर उघडली तर नुसत्या काड्या नि ठिपके."

"मग आधी ती युनिकोडमध्ये करून घ्या. तो तुला टॅली शिकवेल, तू त्याला पत्र लिहायला शिकव. आणि एक मोठं कॅलेंडर लाव, अध्यक्षांना खुर्चीतून दिसेल असं. फेब्रुवारी संपायच्या आत अंदाजपत्रक. 31 मेला देणगीदार. 30 सप्टेंबरपर्यंत हिशेब तपासणीचा अहवाल. ऑक्टोबरअखेर आयकराचं विवरणपत्र. प्रत्येक तारखेपुढे दोन नावं. एकच नाव लिहिलंस तर मी कुंपणाशी येणार नाही."

"आणि पासवर्ड?"

"लखोट्यात सीलबंद, चिटणीसांच्या ताब्यात. मोबाइल नंबर संस्थेचा घ्या, कुणाच्या खिशातला नको. आणि भाऊंना बोलाव."

"ते येतील?"

"न यायला काय झालं? त्यांना कुणी मानानं बोलावलं का? निरोपाला शाल-नारळ दिला, पण एकानं तरी शेजारी बसून विचारलं का, भाऊ, हे तुम्ही कसं करता? आठवडाभर बोलवा, जाण्यायेण्याचं भाडं द्या. ते सांगतील, मुलगा लिहून घेईल. कुठलं काम, कुठला कागद, कुणाची सही, ठाण्याला धर्मादायच्या ऑफिसात कुठल्या टेबलावर जायचं, सगळं. त्या भाड्याला शिकवणीचा खर्च म्हणा, नाहीतर काहीही म्हणा."

"अध्यक्ष विचारतील, भाड्याचे पैसे कुठल्या खात्यातून?"

"त्यांना सांग, यादीला उशीर झाला की दिवसाला 200 रुपये. बदलापूरचं भाडं त्याहून बरंच कमी. आणि हे सांगताना मान खाली घालू नकोस. ऑफिसातल्या माणसाला अध्यक्षांना 'हे असं चालणार नाही' म्हणता आलं पाहिजे. तेवढं एक कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत."

"तुम्ही म्हणायचात?"

"मी? मी नियम दाखवायचे. तोंड उघडायचीही गरज पडत नसे. कलमाखाली पेन्सिलीनं रेघ मारून वही पुढे सरकवायची."

"काकी, तुम्हीच या ना आठवड्यातनं एकदा!"

"येईन की. पण पगार नको, रिक्षा पाठव. अंजूरफाट्याच्या गर्दीत माझे गुडघे उभे राहत नाहीत."

"रविवारी कार्यकारिणी आहे. विषय मांडते. भाऊंचं भाडं, तुमची रिक्षा..."

"आणि तुझी पगारवाढ."

"छे! ती मीच कशी मांडू?"

"तू नको मांडूस. सूचक म्हणून खजिनदारांना पटव, सध्या ते खरं बोलण्याच्या मूडमध्ये दिसतायत. तू फक्त इतिवृत्त लिही. आणि चहाच्या आधी लिही."