चाकाआडचा शृंगार

गणपती आणायला पेणला जायचं, म्हणून आदला अख्खा दिवस मी गाडीखाली काढला. बॉनेट आणि काचा कुणीही चमकवतो. माझा जीव मडगार्डच्या आतल्या अंधाऱ्या कमानीत. तिथे चिखल साचतो, आठवडाभर ओला राहतो आणि पत्रा गुपचूप खातो. त्यात वाटेवर खारेपाटाची खारी हवा. एकेका कमानीतून एवढी माती निघाली, की परसात अळूचा वाफा झाला असता.

धुण्यासाठी गाडी रॅम्पवर चढवली, तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "काका, खालून डिझेल मारू? चकाचक दिसेल." मी किंचाळलोच. डिझेलची चमक चार दिवसांची. त्याने रबरी बुश फुगतात, त्यांची खरखर पुढे वर्षभर ऐकावी लागते. मी गाडी घरी आणून सगळं वाळू दिलं आणि पाण्याच्या बेसचं ड्रेसिंग स्पंजने कमानींच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर चोळलं. सायलेन्सर वगळला, ब्रेकच्या डिस्कवर फडकं टाकलं. मागच्या वर्षी हे फडकं विसरलो होतो. तेव्हा गाडी फाटकाशी थांबायची ती शेजाऱ्यांच्या तुळशीपाशी थांबली.

"कोण वाकून बघणार आहे?" हिने विचारलं.

उत्तर सुचेना. सकाळी रोह्याहून निघालो. नागोठण्याला महामार्ग लागला. त्याच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत गेलेली पोरं आता स्वतः गाड्या चालवतात. वडखळच्या अलीकडे एका खड्ड्यात पुढचं चाक असं उतरलं, की माझा सगळा शृंगार डुबकन बुडाल्याचं मला सीटवर कळलं. ही गालात हसली.

पेणच्या कारखान्यात आमच्या मूर्तीवर शेवटचा हात फिरत होता, आणि तोही पाठीवर! मला उत्तर सापडलं. हिला ऐकू जाईल अशा आवाजात मी कारागिराला विचारलं, "दादा, गणपतीची पाठ बघू नये म्हणतात. मग एवढी मेहनत कशाला?"

तो ब्रश न थांबवता म्हणाला, "बघू नये खरं. पण घेताना गिऱ्हाईक पहिली पाठच बघतं. भेग असली तर तिथंच लपते."

मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. ही मूर्तीची पाठ न्याहाळत होती.

परतताना बाप्पा तोंडावर रुमाल घेऊन हिच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी ब्रेक आणि ही मूर्ती सांभाळत होतो. घरी पोचलो. सगळे आत गेले. मी टॉर्च घेऊन चाकाशी वाकलो. कमान चिखलाने लिंपलेली होती. एक तांब्या पाणी मारलं, आणि काय सांगू, तो चिखल तुपावरच्या पाण्यासारखा घसरून खाली! आत काळं कुळकुळीत तेज. मी एकटाच बघत होतो, डोळे भरून.

आतून झांजांबरोबर हिचा आवाज आला, "अहो, आरतीला या. आधी तोंड बघा, पाठ नंतर!"