कॅज्युअल्टीतले मामा

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या पालिका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एक मामा असतातच. हुद्दा वॉर्डबॉयचा, काम ट्रॉली ढकलण्याचं, पण सगळा जीव साथींत. संक्रांतीला मांज्याने कापलेले गळे, धुळवडीला डोळे, दहीहंडीला मनगटं, दिवाळीला भाजलेले हात आणि दमा, असं त्यांचं वर्ष जातं. खरे रंगात येतात ते पावसाळ्यात.

हिंदमाताच्या सखल भागात पाणी तुंबलं की नवखे इंटर्न दुसऱ्याच दिवशी लेप्टोस्पायरोसिसची वाट बघू लागतात. मामा तंबाखू मळत सांगतात, "आज नाय हो डॉक्टर. आधी जुलाब येतील. लेप्टो अजून आठवडाभर मोकळा फिरेल." लागण झाल्यापासून ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात, हे पुस्तकातही आहे. मामांनी पुस्तक पाहिलेलं नाही. कोणी तापाने फणफणत, पोटऱ्या धरून आला की डॉक्टरांच्या आधी मामा विचारतात, "पाण्यातनं चाललावतास ना?" आणि "डोळ्यांच्या मागे ठणकतंय" म्हणणारे वाढले की जाहीर करून टाकतात, "डेंग्यू लागला!" रक्त अजून लॅबच्या वाटेवरही नसतं.

तसं बघितलं तर शास्त्रही हेच करतं. आपल्याकडे २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यात संशयिताचा फॉर्म वेगळा, डॉक्टरांच्या अंदाजाचा वेगळा, लॅबचा वेगळा. अमेरिकेत इमर्जन्सीत आलेला माणूस दारात जी तक्रार सांगतो, तीच संगणक मोजत बसतो. निदानासाठी खोळंबत नाही. मामा तरी कुठे खोळंबतात? फक्त संगणकाची चूक कागदावर राहते, मामांची राहत नाही. त्यांनी वर्तवलेली काविळीची साथ आलीच नाही, तर म्हणतात, "यंदा पालिकेनं पाणी चांगलं दिलं." पालिकेला असं श्रेय देणारा दुसरा माणूस मुंबईत सापडायचा नाही.

पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागाच्या मॅडम कॅज्युअल्टीत येणाऱ्या रुग्णांचा आलेख दाखवतात. "मामा, सोमवारी बघा कसे एकदम वाढलेत!"

"सोमवारी वाढणारच. रविवारी कोण येतंय? त्यात काल मॅच होती."

मॅडम काही बोलत नाहीत. पुढच्या आलेखात मात्र सात दिवसांची सरासरी असते.

सप्टेंबरात मामा आठवडाभर दिसेनासे होतात आणि बसलेल्या गालफडांनी परततात.

"डेंग्यू? मग इथे का नाही आलात?"

"इथं? गर्दी बघितलीत का? गल्लीतल्या डॉक्टरकडं गेलो."

मॅडम मोबाइलवर आलेख उघडतात. "म्हणजे तुम्ही यात नाहीच."

"मी कुठला? आमची अख्खी चाळ नाय त्यात," म्हणत मामा ट्रॉली वळवतात.